पट्ट्यावरची पूररेषा

जुनी गाडी विकत घ्यावयाची असेल तर ती मालकाच्या दारात, सकाळच्या प्रहरी, इंजिन पुरते थंड असतानाच पाहिली पाहिजे, असा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका मेस्त्रींचा शिरस्ता आहे. आणि तो ते इतक्या कसोशीने पाळतात, की ‘गाडी तुमच्या गॅरेजातच घेऊन येतो’ असे म्हणणाऱ्या विक्रेत्याला ते बहुधा होकारच देत नाहीत. गगनबावडा तालुक्यात शिक्षक असलेले माझे एक स्नेही छोटी मोटार घेण्याच्या विचारात होते. त्यांना सोबत म्हणून मी गेलो आणि या शिरस्त्याचे प्रयोजन मला प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. तेव्हापासून सवड सापडेल त्या शनिवारी त्या गॅरेजातल्या बाकावर जाऊन बसण्याची मला सवय जडली. पुढचा मजकूर त्या बैठकीतून जमलेला आहे.

गुरुजींबरोबर, म्हणजे त्या शिक्षक स्नेह्यांबरोबर, गाडी पाहायला गेलो तो रविवार होता. आम्ही पोचलो तेव्हा गाडी धुऊन पुसून मालकाच्या दारात उभी होती. दहा वर्षांची, पांढऱ्या रंगाची, मीटरवर अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर दाखवणारी. मेस्त्रींनी कुणाशी काही बोलण्यापूर्वी उजव्या हाताचा तळवा बॉनेटवर ठेवला आणि आईने तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा तो क्षणभर तेथेच राहू दिला. पत्रा कोमट होता.

“सकाळीच कुठं जाऊन आलासा?” त्यांनी विचारले.

“छे हो, बॅटरी जरा चार्ज होऊ दे म्हणून सुरू करून ठेवली होती,” मालक म्हणाले.

मेस्त्रींनी पुढे काही विचारले नाही, परंतु गुरुजींकडे त्यांनी जे पाहिले त्यात सर्व आले. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनाचा पहिला सेल्फ मारताना जी कैफियत कानावर व डोळ्यांवर येते, ती इंजिन एकदा तापल्यावर पुष्कळशी झाकली जाते. व्हॉल्व्हच्या सीलमधून रात्री झिरपलेले ऑइल पहिल्या मिनिटाला निळसर धूर होऊन बाहेर पडते. ढिली झालेली टायमिंग चेन ऑइलचा दाब येईपर्यंत दोन-तीन सेकंद खडखडते. अशक्त बॅटरी स्टार्टर फिरवताना धापा टाकते. हे सारे पहाटेचे साक्षीदार असून, आठ वाजता सुरू करून ठेवलेल्या गाडीत त्यांतील एकही हजर नसतो.

मग त्यांनी दार उघडले. आसनावर बसलेही नाहीत. वाकून त्यांनी चालकाचा सीट बेल्ट धरला आणि सावकाश ओढू लागले. आपण रोज जेवढा ओढतो तेवढा आला, त्याच्या पुढेही ते ओढीत राहिले आणि अखेर रीळ संपून पट्टा अडला. त्या शेवटच्या वीतभर भागावर, जो भाग एरवी कधीच बाहेर येत नाही, तांबूस मातकट रंगाची एक आडवी कड होती. खालचा भाग फिकट, वरचा काळा, आणि मध्ये ती रेष. मेस्त्रींनी तेथे नख फिरवले, नखात बारीक गाळ आला. तो त्यांनी बोटावर घेऊन गुरुजींपुढे धरला.

“गुरुजी, ही गाडी पोहून आलीया.”

कोल्हापूरकराला याहून अधिक सांगावे लागत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये पंचगंगेचे पाणी शहराच्या सखल भागात शिरले, तेव्हा दारात, तळघरात आणि पार्किंगात उभ्या असलेल्या कित्येक गाड्या छतापर्यंत बुडाल्या. त्यांतल्या ज्या विमा कंपन्यांनी पूर्ण नुकसान म्हणून निकाली काढल्या, त्या लिलावात गेल्या. लिलावातल्या काही भंगारात मोडल्या, तर काही धुऊन, सीट कव्हर बदलून, अत्तराची बाटली लावून बाजारात परत आल्या. धुणारा सतरंजी धुतो, डॅशबोर्ड पुसतो, इंजिन डिझेलने स्वच्छ करतो. परंतु पट्टा रिळाच्या शेवटापर्यंत ओढून धुण्याचे त्याला सहसा सुचत नाही. मेस्त्रींनी त्यानंतर पुढची सीट मागे सरकवून तिचे रूळ जमिनीशी जखडणारे बोल्ट दाखवले. त्यांच्या डोक्यांवर तांबेरा चढला होता. गाडीच्या आत, जेथे पावसाचा थेंबही पोचत नाही, तेथला बोल्ट गंजतो तो अशाच कारणाने. बुडालेल्या गाडीचे इंजिन दुरुस्त होऊ शकते, पण तिच्या वायरींच्या जोडांत आणि एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये शिरलेला ओलावा महिनोन्महिने आतून धातू खातो आणि दोन वर्षांनी एखाद्या रात्री घाटात दिवे जातात, तेव्हा कारण कोणालाच सापडत नाही. किंमत बाजारभावाहून चाळीस हजारांनी कमी होती. गुरुजींनी इसार म्हणून आणलेले पाच हजार खिशातच ठेवले आणि आम्ही निघालो.

छोट्या मोटारीचा हा व्यवहार म्हणजे आपल्याकडे मध्यमवर्गीय घरातला, घराखालोखालचा सर्वांत मोठा व्यवहार होऊन बसला आहे. 14 डिसेंबर 1983 रोजी दिल्लीत इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती 800 ची किल्ली एका ग्राहकाला मिळाली. तीन सिलिंडरांचे, 796 घनसेंटिमीटरचे ते इंजिन. ती गाडी 2014 च्या जानेवारीत बनायची थांबली, तरी तिची परंपरा अल्टोमध्ये चालूच राहिली. पुढे 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली आणि ‘छोटी गाडी’ ही सरकारदप्तरी लांबीने मोजण्याची वस्तू झाली. परंतु गॅरेजात येणारा मनुष्य लांबी विचारीत नाही. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: अ‍ॅव्हरेज किती देते?

या प्रश्नाला मेस्त्री आकडा सांगत नाहीत. टाकी काठोकाठ भरा, मीटरचा आकडा लिहा, तीन-चारशे किलोमीटर हिंडा, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा आणि भागाकार करा, एवढेच ते सांगतात. आणि भागाकार करण्याआधी टायरमधली हवा बघा म्हणतात. चालकाचे दार उघडल्यावर खांबावर जो कागद चिकटवलेला दिसतो, त्यावर पुढच्या व मागच्या चाकांच्या हवेचा आकडा छापलेला असतो. तो आकडा थंड टायरचा आहे. वीस किलोमीटर धावून पंपावर पोचलेल्या टायरमध्ये हवा तापून फुगलेली असते, आणि तिथे ‘जास्त आहे’ म्हणून काढून टाकली की दुसऱ्या दिवशी सकाळी ती कमी भरते. इतकी साधी गोष्ट, आणि तरीही मी बाकावर बसल्यापासून तो कागद वाचलेला मालक मला क्वचितच भेटला.

अलीकडे दुसरा प्रश्न पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचा. आमच्या जिल्ह्यात तो विचारणारा पुष्कळदा स्वतः ऊस उत्पादक असतो, आणि आपल्याच उसाची मळी टाकीत आल्यावर गाडी कमी का धावते, हे त्याला समजून घ्यायचे असते. कारण सोपे आहे: एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, सबब वीस टक्के मिश्रणाने अ‍ॅव्हरेज थोडे उतरणारच. जुन्या गाडीत रबरी नळ्या आणि फिल्टर वर्षातून एकदा पाहून घ्यावेत. आणि इथेनॉल पाणी शोषून घेते म्हणून महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत जुने पेट्रोल ठेवू नये.

परंतु ज्या प्रश्नावर मेस्त्री हातातला पाना खाली ठेवून बोलतात, तो एका नर्सबाईंनी माझ्यासमोर विचारला. “मेस्त्री, वर्षभरात गाडी तीन हजारच चालली. मग ऑइल कशाला बदलायचं?”

“ताई, चालली न्हाई म्हणूनच,” ते म्हणाले.

घरापासून दवाखाना दोन किलोमीटर. एवढ्या अंतरात इंजिन पुरते तापतच नाही. न जळलेल्या पेट्रोलचा आणि वाफेचा अंश ऑइलमध्ये उतरतो आणि तेथेच राहतो. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतले जे आधी येईल ते, असा जो नियम पुस्तिकेत असतो, त्यातले ‘एक वर्ष’ अशाच गाड्यांसाठी लिहिलेले आहे. त्यांनी डिपस्टिक काढून फडक्याने पुसली, पुन्हा बुडवली, आणि तिच्या टोकावरचा काळा, पातळ, बोटाला न चिकटता घसरणारा थेंब बाईंना हाताने चाचपायला लावला; मग नव्या डब्यातले ऑइल दुसऱ्या बोटावर दिले. बाईंनी दोन्ही बोटे अंगठ्याला घासून पाहिली आणि ‘बदला’ म्हणाल्या. आठवड्यातून एकदा वीस किलोमीटरची फेरी मारा, हेही त्यांना सांगण्यात आले.

कूलंटविषयी मला दुसऱ्याच्या अनुभवाची गरज नाही. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात वैभववाडीहून करूळ घाट चढत असता माझ्या गाडीच्या तापमानाचा काटा वर सरकू लागला. त्याआधी दोन वर्षे मी कूलंटच्या बाटलीत नळाचे पाणी घालीत आलो होतो, कारण बाटली पारदर्शक होती, पाणी कमी दिसे, आणि घरात पाणी होते. नळाच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, गंज रोखणारे द्रव्य पातळ होते आणि मिश्रणाचा उत्कलनबिंदूही उतरतो, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मी त्याकडे लक्ष दिले नव्हते. गगनबावडा दोन किलोमीटरवर राहिले आहे, एवढे गाठू, असे म्हणून मी थांबलो नाही. त्या दोन किलोमीटरांनी इंजिनाचे अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकले आणि गॅसकेट गेली. दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी ऑइलचे झाकण उघडून दाखवले, तेव्हा त्याला आतून सायीसारखा पांढरट लगदा लागला होता: ऑइल आणि पाणी एक झाले होते. बावीस हजार खर्च आला. काटा चढू लागताच एसी बंद करून, हीटर पूर्ण गरमवर टाकून बाजूला थांबलो असतो, रेडिएटरचे झाकण न उघडता अर्धा तास बसलो असतो, तर हा खर्च वाचला असता.

घाट उतरताना न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे महाभाग अजूनही पुष्कळ आहेत. आधुनिक गाडी गियरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्शन बंद करते, म्हणजे न्यूट्रलमध्ये उलट थोडे जास्तच जळते, आणि सारा भार ब्रेकवर पडून ब्रेक तापतो तो वेगळाच. क्लचवर पाय ठेवून चालवणे, दारांच्या तळाची पाणी जाण्याची छिद्रे बुजू देणे, पावसाळ्यात बॉनेटखाली उंदरांनी वायरी कुरतडणे, या तक्रारी रोजच्या आहेत. ब्रेकच्या तेलाबद्दल मात्र कोणी विचारीत नाही, आणि तेच हवेतला ओलावा शोषून दोन वर्षांत निकामी होते.

गुरुजींना गाडी मिळाली ती तीन आठवड्यांनी, गारगोटीला, एका निवृत्त पोस्टमास्तरांकडे. 2016 सालची अल्टो. बॉनेट थंडगार होते. पट्टा शेवटपर्यंत एकाच रंगाचा निघाला. पुढच्या दोन्ही दिव्यांच्या काचा सारख्याच पिवळट झालेल्या, म्हणजे एकही बदललेली नाही. फेंडरच्या बोल्टांवरचा रंग कुठे उडालेला नाही, म्हणजे पाना लागलेला नाही. टायरवर कारखान्याचा आठवडा व वर्ष चार आकड्यांत कोरलेले असते. चारही 2016 चेच होते. त्यांची नक्षी शिल्लक होती, पण रबराला बारीक भेगा पडलेल्या. टायर बदलावे लागणार आणि टायमिंग बेल्ट वयामुळे बदलावा लागणार, असे मेस्त्रींनी दोघांच्याही समोर सांगितले, आणि पोस्टमास्तरांनी तेवढी रक्कम विनातक्रार कमी केली.

अडचण आली ती कागदात. कर्ज केव्हाच फिटले होते, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. तो उतरवण्यासाठी बँकेचा ना-हरकत दाखला आणि 35 क्रमांकाचा अर्ज लागला. नावात फेरफार होण्यासाठी 29 व 30 क्रमांकांचे अर्ज. विक्री झाल्याची खबर विकणाऱ्याने 14 दिवसांत देणे त्याच्याच हिताचे, कारण नाव पालटेपर्यंत त्या गाडीच्या प्रत्येक अपघाताचा जाब त्यालाच विचारला जातो. विम्याचा ‘नो क्लेम बोनस’ पोस्टमास्तरांचा. तो गाडीबरोबर गुरुजींना मिळाला नाही, आणि स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण टिकवायला तेवढ्याच मुदतीत विम्यावरचे नाव बदलून घ्यावे लागले. शेवटी मेस्त्रींनी चासी नंबरावर कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासली, तसतसे सतरा अक्षर-आकडे कागदावर एकेक करून उमटले. गुरुजींनी ते आरसीशी एकेक बोट ठेवून ताडून पाहिले, मोठ्याने वाचून.

सांगली, कोल्हापूर, चिपळूण या गावांत 2019 व 2021 साली जे पाणी आले, त्यात बुडालेल्या गाड्या आज कोणत्याही जिल्ह्याच्या पाटीने आपल्या दारात विकायला येऊ शकतात. तेव्हा वाचकांना एवढीच विनंती आहे, की गाडी पाहायला जाल तेव्हा किंमत बोलण्याआधी चालकाचा पट्टा रिळाच्या शेवटापर्यंत ओढून पाहा. त्याला पैसे पडत नाहीत आणि अर्धे मिनिटही लागत नाही.