जुन्या संगणकाचें आजारपण

घरांतील वृद्ध माणसाचें दुखणें आणि घरांतील जुन्या यंत्राचें दुखणें यांत एक साम्य आहे. दोहोंच्याही बाबतींत घरांतील प्रत्येकाजवळ आपआपलें निदान तयार असतें. परंतु प्रत्यक्ष शुश्रूषेची वेळ आली म्हणजे प्रत्येकास दुसरें कांहीं काम आठवतें. आमच्या जळगांवच्या घरीं माडीवरील कोपऱ्यांत असा एक रुग्ण आहे. २००५ सालीं घेतलेला हा संगणक व त्याच्या शेजारचा त्याच वयाचा प्रिंटर, या जोडीनें गेल्या उन्हाळ्यांत मला जो धडा शिकविला, तो वाचकांच्याही उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें निवेदन करीत आहें.

प्रथम प्रयोजन सांगितलें पाहिजे. आमच्या मातोश्रींचा जन्म १९२६ सालचा, माहेर गिरणाकाठचें. जात्यावरच्या ओव्या त्यांना अखेरपर्यंत मुखोद्गत होत्या. २००८ सालच्या हिवाळ्यांत रोज सायंकाळीं त्या सांगत गेल्या व मी संगणकावर उतरवीत गेलों. एकंदर २१२ ओव्या झाल्या. त्या कागदावर छापून ठेवावयाच्या, तर नेमकी प्रिंटरची शाई वाळलेली! "उद्यां पाहूं," असें म्हणतां म्हणतां २०११ सालीं मातोश्री गेल्या, आणि तो उद्यांचा दिवस कांहीं उजाडला नाहीं. आतां त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त त्या ओव्यांची लहानशी पुस्तिका काढून आप्तेष्टांस वाटावी, असें धुळ्याच्या थोरल्या बंधूंच्या मनांत आलें. फोनवर त्यांनीं विचारलें, "अरे, आईच्या ओव्या तुझ्याजवळ आहेत ना?" मीं मोठ्या विश्वासानें सांगितलें, "आहेत, दादा. संगणकांत आहेत."

दुसऱ्या दिवशीं कळ दाबली. पंखा फिरला, तीन लांब शिट्ट्या ऐकूं आल्या आणि पडदा काळाच राहिला. नातू म्हणाला, "आजोबा, टाकून द्या तो आतां." त्याला बिचाऱ्याला आंत काय आहे तें ठाऊक नव्हतें.

मला यंत्रशास्त्र येत नाहीं. पण चाळीस वर्षें संस्कृत शिकविल्यामुळें अन्वय-व्यतिरेक ठाऊक आहे. जें असतां दोष असतो आणि जें नसतां दोष नसतो, तें दोषाचें कारण. यंत्राची चिकित्सा याहून वेगळी नाहीं. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, परिणाम पाहावा, वहींत नोंदवावा, मग दुसरी गोष्ट हातीं घ्यावी. आपण घाईनें चार गोष्टी एकदम बदलतों. यंत्र सुरू झालें तरी कशानें झालें तें कळत नाहीं, आणि बिघडलें तर नव्यानें काय बिघडविलें तेंही कळत नाहीं.

त्या शिट्ट्या म्हणजे यंत्राचें कण्हणें होय. पडद्यावर लिहून सांगण्याची शक्ति नसली, म्हणजे कोणतें अंग दुखतें तें यंत्र शिट्ट्यांच्या संख्येनें व लांबीनें सांगतें. मात्र त्यांचा अर्थ यंत्रागणिक निराळा असतो. आमच्या यंत्राचें दुखणें तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीचें निघालें. आपल्या खानदेशांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, आणि काळ्या मातीची सूक्ष्म धूळ बंद कपाटांतही शिरते. ती पंख्यावर व उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर बसली कीं आंतील उष्णता आंतच कोंडते. आणि पट्टीच्या सोनेरी टोकांवर पुटें चढलीं कीं वीज नीट वाहत नाहीं. विजेची तार काढून, मऊ ब्रशानें धूळ झाडून, तीं टोकें शाळेंतील पेन्सिलीच्या रबरानें हलकेंच पुसलीं. शिट्ट्या थांबल्या! मात्र वाचकांनीं एक पथ्य पाळावें. विजेचा पुरवठा करणारी आंतील बंद डबी कधींही उघडूं नये; तार काढल्यावरही तिच्यांत वीज सांठून राहते.

पडदा उजळला तों तारीख दिसली १ जानेवारी २००२! आंतील घड्याळ चालविणारी नाण्याएवढी बॅटरी संपली होती. तिचें नांव 'सी-आर २०३२'. यांतील अंक म्हणजे तिचें मापच होय. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. तारीख चुकली तर काय बिघडलें, असें कोणी म्हणेल. परंतु इंटरनेटवरील सुरक्षित स्थळांच्या ओळखपत्रांस मुदत असते. यंत्राची तारीख चुकली कीं खरें ओळखपत्रही त्यास खोटें वाटतें आणि तें दारांतूनच परत फिरतें. नवी बॅटरी घालतांच यंत्र वर्तमानकाळांत आलें.

प्रिंटरचें दुखणें सूनबाईनें हातीं घेतलें. शाईच्या प्रिंटरांत केसाहूनही बारीक छिद्रांतून शाईचे तुषार उडतात. महिनोन्‌महिने छपाई केली नाहीं, आणि वर आपला कोरडा उन्हाळा, म्हणजे शाई छिद्रांतच वाळते. मी यंत्राला पुनःपुन्हां 'सफाई'ची आज्ञा देत होतों. सूनबाई म्हणाली, "बाबा, राहूं द्या. प्रत्येक सफाईंत शाईच खर्च होते." तिनें शुद्धोदकाच्या कोमट ओल्या फडक्यावर शाईची टोपी रात्रभर ठेवली, सकाळीं रेघा उमटूं लागल्या. आठवड्यास एक तरी पान छापावें, म्हणजे हा प्रसंग येत नाहीं, हें तिचें म्हणणें मला पटलें. पण सतरा वर्षें उशीरा!

येथें कथा संपावयास हवी होती. परंतु ओव्या नातवाच्या नव्या संगणकावर नेल्या, तों आईच्या ओवीच्या जागीं रोमन अक्षरांची व चिन्हांची रास! मी मटकन खालीं बसलों.

नातवानें व मीं मिळून कारण शोधलें. संगणक अक्षरें सांठवीत नाहीं, अंक सांठवितो. त्या काळीं मराठीचे बहुतेक फाँट रोमन अक्षरांच्या अंकांवरच देवनागरीचे मुखवटे चढवीत, आणि प्रत्येक कंपनीचे मुखवटे वेगळे. मुखवटा काढला कीं आंतील रोमन अक्षर उघडें! वास्तविक १९९१ सालींच यूनिकोड या जागतिक संकेतांत देवनागरीस १२८ स्थानांचें स्वतंत्र घर मिळालें होतें. परंतु आमच्या घरापर्यंत ती वार्ता फार उशीरा पोंचली. जुना फाँट नव्या यंत्रावर आणून ठेवला तेव्हां ओव्या पुन्हां दिसूं लागल्या. पण धुळ्यास पाठविल्या कीं तेथें पुन्हां रास. तेव्हां यूनिकोडांत रूपांतर करणें हाच उपाय उरला. तें करून देणाऱ्या सोयी आहेत. पण त्या निर्दोष नाहींत. जुन्या फाँटांत ऱ्हस्व इकार डोळ्यांस दिसतो तसा व्यंजनाच्या आधीं सांठवीत. यूनिकोडांत तो उच्चाराप्रमाणें व्यंजनानंतर येतो. या अदलाबदलींत वेलांट्या शेजारच्या अक्षराच्या घरीं गेल्या, आणि रफार कोठें तरी हरवले.

छापलेले कागद घेऊन एरंडोल-पारोळ्याच्या वाटेनें धुळ्यास गेलों. धुळें म्हटलें कीं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांची आठवण होतेच. घरोघरीं हिंडून त्यांनीं जुनीं दप्तरें वाळवीच्या तोंडून सोडविलीं. आईच्या जन्मवर्षींच, १९२६ सालीं, ते धुळ्यांत निवर्तले. पुढच्या वर्षीं त्यांच्या नांवें तेथें संशोधन मंडळ स्थापन झालें. त्या दप्तरांतील मोडीचे कागद दोन-दोनशें वर्षें टिकले, पण तें वाचणारे विरळ झाले. आमचें लिखाण तर सतरा वर्षांतच दुर्बोध झालें! जुने लेखक पोथीच्या अखेरीस तिला तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून जपण्याची विनंति करीत. आपणांस आतां त्या यादींत फाँटही घालावयास हवा.

दादा व मी तीन दिवस ओसरीवर बसून प्रुफें वाचीत होतों. यंत्राच्या चुका सहज सांपडल्या. पण एका ओवीपाशीं दादा थांबले. "आई असें म्हणत नसे," ते म्हणाले आणि त्यांनीं हलक्या स्वरांत ती ओवी म्हणून दाखविली. शब्द निराळाच होता, आणि निःसंशय तोच खरा होता. ती चूक यंत्राची नव्हती, फाँटाचीही नव्हती; २००८ सालीं घाईनें मींच ती केली होती. आईच्या मांडीवर डोकें ठेवून जात्याची घरघर ऐकलेले दादा आज अठ्याहत्तरीच्या उंबरठ्यावर आहेत. दुसऱ्या एका ओवींतील शब्द मात्र त्यांनाही आठवला नाहीं. तेथें आम्हीं जागा कोरी सोडली आहे.

वाचकहो, आपल्याही माडीवर असें एखादें यंत्र असेल. तें दुरुस्त करा. पण दुरुस्तीच्या आनंदांत आपण कशासाठीं दुरुस्त करीत आहों, हें विसरूं नका. आंतील लिखाण यूनिकोडांत आणा, एक प्रत दुसऱ्या घरीं ठेवा, एक कागदावर छापा. आणि हें सर्व, तें लिखाण तपासूं शकणारें माणूस घरांत आहे तोंवर करा. पट्टी पुसतां येते, बॅटरी बदलतां येते. त्या कोऱ्या जागेवरचा शब्द मात्र आतां कोणत्याही दुकानांत मिळणार नाहीं.