मातीतल्या सापाचं चुकलेलं गोत्र

केरळ-तमिळनाडूच्या डोंगराळ भागात माती खणताना कधी कधी एक छोटा, तपकिरी साप वर येतो. अंगावर इंद्रधनुषी चमक, पण पाहणाऱ्याला आधी गांडूळच वाटावं असा. शास्त्रीय नाव झायलोफिस, म्हणजे ग्रीक भाषेत 'लाकूड-साप'. नाव फसवं आहे. हा साप राहतो ओलसर मातीत आणि पालापाचोळ्याखाली, आणि खातो गांडुळं. माणसाला त्याच्यापासून काहीही धोका नाही.

रिचर्ड बेडोम यांनी १८७८ मध्ये हे नाव दिलं. प्रश्न होता कुळाचा. शरीररचनेतल्या साम्यावरून त्याला बराच काळ पूर्व आणि आग्नेय आशियातल्या झेनोडर्मिडी कुळात बसवलं जात होतं. डीएनएची खातरजमा करायची तर नमुना हवा. संग्रहालयांतले जुने साप फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले असतात आणि त्यातून चांगला डीएनए मिळणं कठीण. जमिनीखालचा साप ताजा मिळणं तर नशिबाचाच भाग!

अखेर २०१८ मध्ये दीपक वीरप्पन, सारा रुआन आणि डेव्हिड गोवर यांनी जनुकांची तुलना केली आणि झायलोफिस निघाला परेइडी कुळातला. हे कुळ मुख्यतः झाडाझुडपांवर फिरणाऱ्या गोगलगायखाऊ सापांचं. त्यांतल्या अनेकांच्या खालच्या जबड्यात उजवीकडे जास्त दात असतात, कारण बहुतेक शंखांचा पीळ उजवा असतो आणि आतली गोगलगाय ओढून काढायला ते सोयीचं पडतं. हे भाऊबंद आग्नेय आशियात, भारतात ईशान्येकडे. मधल्या शेकडो किलोमीटरमध्ये कुणीच नाही. म्हणून या दक्षिणी सापांसाठी स्वतंत्र उपकुळ करावं लागलं, झायलोफिनी.

त्यातल्या एका जातीचं नाव आपल्या ओळखीचं आहे. २००७ मध्ये केरळातून नोंदवलेल्या झायलोफिस कॅप्टेनीला पुण्याचे सर्पतज्ज्ञ अशोक कॅप्टन यांचं नाव दिलेलं आहे. २०२० मध्ये मोझॅइकस ही जात आली, २०२१ मध्ये दीपकी.

नव्या वर्गीकरणामुळे एक गोष्ट बदलली. आधी हा साप दूरवर पसरलेल्या गटातला एक किरकोळ सदस्य होता. आता तो एका संपूर्ण शाखेचा वारस आहे आणि ही शाखा पश्चिम घाटाच्या दक्षिण भागाबाहेर कुठेही नाही. अभयारण्याची हद्द मात्र त्याला ठाऊक नाही. दीपकी पहिल्यांदा सापडला तो कन्याकुमारीतल्या एका नारळाच्या बागेत.