अर्ध्या वाटेवरून परतलेली माणसे

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीआधीची गोष्ट. छत्रपती संभाजीनगरात मी महाविद्यालयात मराठी शिकवितो. त्या दिवशी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ शिकवून झाली आणि एम.ए.चा एक विद्यार्थी मागे रेंगाळला. वर्गातील इतरांहून चार-पाच वर्षांनी मोठा, अबोल, पण अक्षर मोत्यासारखे.

“सर, मी चार वर्षं पाळक होण्याचं शिक्षण घेत होतो,” तो म्हणाला. “शेवटच्या वर्षी सोडून आलो. आई अजून नातेवाइकांना नीट सांगत नाही. ती वर्षं फुकट गेली असं वाटतं का हो तुम्हांला?”

प्राध्यापकाला उत्तर सुचले नाही, की तो पुस्तकांच्या कपाटाकडे वळतो. मीही तेच केले.

रेव्हरंड टिळकांपासूनच सुरुवात करू या. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, धर्मशिक्षण घेणाऱ्या तरुणांना ते शिकवू लागले. पण साहेबी चालीरीतींच्या चौकटीत त्यांचे मन रमेना. 1917 मध्ये मिशनच्या पगारावर पाणी सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही तेथे जागा होती. 1919 मध्ये ते वारले आणि स्वप्न अर्धेच राहिले.

परंतु स्वप्नाचे धागे कोठे जाऊन जुळतील याचा नेम नसतो. जॅक विन्स्लो नावाच्या इंग्रज पाद्र्याने 1922 मध्ये नगरलाच ‘ख्रिस्त सेवा संघ’ काढला आणि दुसऱ्याच वर्षी टिळकांचे इंग्रजी चरित्रही लिहिले. संघाचा आश्रम पुढे पुण्याला शिवाजीनगरात आला. अंगावर खादी, जमिनीवर बैठक, पंगतीत हाताने जेवण आणि दिवसभराच्या ठरलेल्या प्रार्थना. इंग्रज आणि हिंदी माणसे एकाच छपराखाली बरोबरीने राहात. त्या काळी ही काही लहान गोष्ट नव्हती!

1927 साली या आश्रमात ऑक्सफर्डचा एक पंचविशीतला पाद्री दाखल झाला. त्याचे नाव व्हेरियर एल्विन. येथेच त्याला शामराव हिवाळे हा मराठी ख्रिस्ती तरुण भेटला. एल्विन साबरमतीला गेला आणि गांधीजींच्या ओढीने बदलून आला. चार-पाच वर्षांत त्याने संघही सोडला. 1932 च्या आरंभी ही जोडी मंडला जिल्ह्यातील करंजिया या गोंडांच्या गावी जाऊन राहिली. तेथे त्यांनी दवाखाना काढला, शाळा काढल्या. बिशपच्या अटी एल्विनला मान्य झाल्या नाहीत, आणि 1935 मध्ये चर्चशी असलेला त्याचा संबंधही संपला.

आता हिशेब मांडा. ज्या कामासाठी आश्रमात आला, ते काम सुटले, संघ सुटला, शेवटी चर्चही सुटले. लौकिक दृष्टीने बेरीज शून्य! पण गोंडाच्या झोपडीत मांडी घालून बसायला त्याला पुण्यातच शिकविले होते. थोडक्यात राहायचे आणि समोरच्याच्या बरोबरीने जेवायचे, ही सवय तेथलीच. आणि जन्मभर पुरला असा मित्रही तेथलाच. एल्विन पुस्तके लिहून जगप्रसिद्ध झाला; त्यामागे शाळा-दवाखान्यांचा रोजचा गाडा शामरावांनी ओढला. शामरावांनी स्वतः परधान जमातीवर लिहिलेले पुस्तक 1946 मध्ये निघाले. एल्विनचे आत्मचरित्र 1964 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी तो वारला आणि पुढल्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला.

हे सारे मी त्या मुलाला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “सर, ती मोठी माणसं होती.”

त्याचे म्हणणे खरेच होते. मोठ्यांचे दाखले देऊन लहानांचे दुःख मिटविण्याची आम्हां शिक्षकांना खोडच असते.

उत्तर मिळाले ते पुढे पावसाळ्यात. वसतिगृहातला स्वयंपाकी तापाने फणफणला. त्याचे घर दूर, जवळ कोणी नाही. हा मुलगा तीन रात्री त्याच्या उशाशी बसला. पट्ट्या बदलल्या, पेज भरविली, आणि तो बडबडू लागला की हात धरून निमूट ऐकत राहिला. मी विचारले, “हे कुठं शिकलास रे?”

“तिथंच, सर,” तो सहज म्हणाला. “दर आठवड्याला आम्हांला आजाऱ्यांच्या भेटीला पाठवत.”

बोलून गेल्यावर तो क्षणभर थबकला. मीही काही बोललो नाही.

यंदा तो एका खेडेगावी मराठीचा शिक्षक झाला आहे. परवा त्याची आई फराळाचा डबा घेऊन घरी आली होती. चकल्या खुसखुशीत होत्या. बोलता बोलता माझ्या पत्नीला ती म्हणाली, “माझा मुलगा चार वर्षं पाळकाचं शिकत होता, बरं का!”

आपणहून सांगितले तिने. कोणी विचारलेही नव्हते.