प्रश्न विचारणारे मूल आणि त्याची भाषा: जिज्ञासा-संशोधनाचा मागोवा

विद्यार्थ्यांच्या जिज्ञासेच्या आधुनिक अभ्यासाला डॅनियल बर्लाइन यांच्या 1950 च्या दशकातील लेखनाने दिशा दिली. नवेपणा, संदिग्धता वा विसंगती दिसली की मन अस्वस्थ होते आणि माहिती मिळाल्यावर ते शमते, अशी त्यांची मांडणी होती. 1994 मध्ये जॉर्ज लोवेनस्टीन यांनी तीत ‘माहितीतील दरी’ या कल्पनेची भर घातली: जे ठाऊक आहे आणि जे जाणून घ्यावेसे वाटते, त्यांतील अंतराची जाणीव म्हणजे जिज्ञासा, आणि म्हणून ज्या विषयाची काहीच ओळख नाही त्याविषयी ती सहसा जागत नाही.

या दोन्ही मांडण्यांत लक्ष एकट्या मनावर होते. बार्बरा टिझर्ड आणि मार्टिन ह्यूज यांनी मात्र 1984 मध्येच, चार वर्षांच्या 30 ब्रिटिश मुलींचे बोलणे नोंदवून, त्या घरी तासाला सरासरी 26 प्रश्न विचारतात आणि बालवाडीत जेमतेम 2, असे दाखवले होते. मूल तेच, जागा बदलली की प्रश्न आटतात, हा निष्कर्ष या साऱ्या संशोधनातील सर्वांत मोलाचा ठरावा.

घराची आणि शाळेची भाषाच वेगळी असलेल्या महाराष्ट्रातील नंदुरबारच्या संदर्भात या निष्कर्षाचे वजन आणखी वाढते. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. घरी पावरी, भिली, मावची वा देहवाली बोलणाऱ्या मुलाला शाळेत मराठीत प्रश्न विचारावा लागतो, आणि तेथे अडसर कुतूहलाचा नसून शब्दांचा असतो. नर्मदा बचाव आंदोलनाने 1990 च्या दशकाच्या आरंभी नर्मदाकाठच्या गावांत सुरू केलेल्या जीवनशाळांनी मुलांच्या बोलीला आणि परिसराला शिक्षणात स्थान दिले, त्याचे महत्त्व येथे आहे. शेजारच्या मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात (1972 ते 2002) मुले ‘सवालीराम’ या कल्पित व्यक्तीला पत्रे लिहून मनातले प्रश्न विचारत. प्रश्नाला हक्काचा पत्ता देणारी ही योजना, आजच्या कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा जिज्ञासेच्या अधिक जवळ पोहोचली होती.

2018 मध्ये प्राची शाह आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सुमारे 6,200 बालकांच्या अभ्यासात जिज्ञासेचा वाचन-गणिताशी असलेला संबंध गरीब घरांतील मुलांमध्ये अधिक ठळक असल्याचे नोंदवले; त्यात जिज्ञासेचे मापन पालकांच्या सांगण्यावरून झाले होते. हीच पद्धत नंदुरबारमधील अक्राणी तालुक्यात मराठी प्रश्नावली घेऊन वापरली, तर मोजली जाईल ती बहुतांशी पालकांची मराठी. तेथील मुलाचे प्रश्न पावरीत, मोहाची फुले वेचताना आणि गुरांमागे हिंडताना नोंदवले गेले पाहिजेत, आणि ते नोंदवणाराही ती बोली जाणणारा हवा.