मानहाइमचा खंजीर, गणेशखिंडीतली गोळी

वाकडहून डांगे चौक, थेरगाव करत चिंचवडगावात शिरलं की चापेकर चौक लागतो. उलट दिशेने औंधमार्गे पुण्याकडे निघालं तर विद्यापीठ चौकापुढे गणेशखिंड रस्ता. चापेकर बंधूंचं घर एका बाजूला, त्यांनी इंग्रज अधिकारी रँडला गाठलं ती जागा दुसऱ्या बाजूला. वाकडकर या दोन टोकांच्या मध्ये राहतात आणि बहुतेक वेळ सिग्नल मोजत असतात.

१८९७ च्या सुरुवातीला प्लेगने पुणं पोखरलं. फेब्रुवारीत सरकारने साथरोग कायदा केला. २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत राज्याने ज्याचा आधार घेतला, तोच हा कायदा. प्लेग समितीचे प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड. गोरे सोजीर घरात, माजघरात, देवघरात शिरून रोगी शोधू लागले आणि शहर संतापलं. २२ जूनला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाल्याचा सोहळा गव्हर्नरच्या बंगल्यात होता. आज तिथे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. रात्री मेजवानी आटोपून घोडागाड्या परतू लागल्या. ‘गोंद्या आला रे’ ही खुणेची हाळी आली. दामोदर चापेकर रँडच्या गाडीवर मागून चढले आणि त्यांनी गोळी झाडली. त्यांचे भाऊ बाळकृष्ण यांच्या गोळीने मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला. रँड ३ जुलैला मेला.

ही कथा आपल्याला पाठ आहे. तिचा एक युरोपीय पूर्वज आहे, तो मात्र फारसा कुणी सांगत नाही.

नेपोलियनचा पाडाव झाल्यावर ऑस्ट्रियाचा मंत्री मेटर्निख युरोपची घडी पुन्हा पूर्वीसारखी बसवत होता. राजे आपापल्या गादीवर आणि प्रजा गप्प, एवढंच त्याला हवं होतं. जर्मन विद्यापीठांतल्या पोरांना मात्र एक राष्ट्र आणि एक संविधान हवं होतं. फ्रीडरिश यान नावाच्या गुरूने त्यांच्यासाठी व्यायामाची मैदानं उघडली होती. तालमीत शरीर घडवायचं आणि देश सोडवायचा, हे सूत्र पुण्याच्या पेठांच्या कितीतरी आधी बर्लिनमध्ये रुजलं होतं. २३ मार्च १८१९ ला येना विद्यापीठातला धर्मशास्त्राचा विद्यार्थी कार्ल सँड मानहाइमला गेला आणि त्याने नाटककार कोत्सेबूला त्याच्या घरातच खंजिराने भोसकलं. कोत्सेबू रशियाच्या झारला जर्मनीतल्या बातम्या पुरवत असे आणि विद्यार्थ्यांची टिंगल करत असे. पुढच्या वर्षी सँडचं मुंडकं उडवलं. लोकांनी त्याच्या रक्तात रुमाल भिजवून नेले म्हणतात.

मेटर्निखला आयतं निमित्त मिळालं. खुनाच्याच वर्षी ऑगस्टमध्ये कार्ल्सबाडच्या गरम झऱ्यांच्या गावी जर्मन राज्यांचे मंत्री जमले आणि त्यांनी हुकूम ठरवले. प्रत्येक विद्यापीठावर सरकारी देखरेख, संशयित प्राध्यापक घरी, विद्यार्थी संघटना बंद, माइन्झला चौकशी आयोग. आणि वीस फर्म्यांहून लहान असलेलं कोणतंही छापील साहित्य आधी सेन्सॉरकडे! एक फर्मा सोळा पानांचा, म्हणजे ३२० पानं. बहुतेक दिवाळी अंक त्याच्या आतच बसतात, तेव्हा मेटर्निखच्या राज्यात आमच्या संपादकांची दिवाळी सेन्सॉरच्या दारात गेली असती. यान तुरुंगात गेला आणि प्रशियात तालमींवर १८४२ पर्यंत बंदी राहिली.

आता पुण्याकडे या. मारेकरी सापडायच्या आधीच पुण्यातल्या सरदार नातू बंधूंना खटला न चालवता डांबलं. त्यासाठी वापरला १८२७ चा पंचविसावा रेग्युलेशन, म्हणजे मेटर्निखच्या ऐन काळातला. तो मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या अमदानीत झाला होता. शाळा काढणारा म्हणून आपण त्याचं नाव आदराने घेतो, पण त्याच्या कायद्याच्या पेटीत हेही होतं. जुलैअखेर टिळकांना अटक झाली. ‘केसरी’तला शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तांत आणि एक कविता हा गुन्हा. न्यायमूर्ती स्ट्रॅचींनी ज्युरीला सांगितलं की सरकारविषयी प्रीती नसणं हीच अप्रीती. नऊ पंचांपैकी सहा युरोपियनांनी दोषी ठरवलं, तिघा भारतीयांनी निर्दोष. शिक्षा झाली दीड वर्षाची. मुदतीआधी सुटका व्हावी म्हणून विलायतेतून अर्ज गेला, त्यावर संस्कृतचा जर्मन पंडित मॅक्स म्युलरची सही होती. त्याचे वडील विल्हेल्म म्युलर कवी. मेटर्निखच्याच काळात ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धावर लिहिलेल्या कवितांनी त्यांचं जर्मनीत नाव झालेलं. १८९८ साली राजद्रोहाचं कलम १२४-अ आणखी रुंद केलं आणि १५३-अ नवं घातलं.

पिस्तूल चालवणारे गेले फासावर. दामोदर १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात. धाकटे भाऊ वासुदेव, त्यांचे साथीदार महादेव रानडे आणि बाळकृष्ण पुढच्या वर्षी मे महिन्यात पाच दिवसांत. कायदा त्यांच्यासाठी बदललाच नव्हता, खुनाला फाशी आधीपासून होती. बदलला तो लिहिणाऱ्यांसाठी. मला या दोन्ही प्रकरणांतली हीच गोष्ट महत्त्वाची वाटते.

चापेकरांना सरळ ‘युरोपच्या क्रांतीचे भारतीय वारस’ म्हणावं तर तेही जमत नाही. वडील हरिभाऊ कीर्तनकार, मुलं त्यांना साथ करणारी. दामोदरांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याची कबुली आहे, तसा सुधारकांवरचा जळफळाटही आहे. सँडही चर्चचा माणूस होता, आणि त्याच्या मित्रांनी १८१७ मध्ये वार्टबुर्गच्या उत्सवात न आवडणारी पुस्तकं जाळली होती, कोत्सेबूचंही. इटलीचा क्रांतिकारक मॅझिनी याची गणराज्याची भाषा मराठी तरुणांत भिनली ती थोडी नंतर. सावरकरांनी ‘अभिनव भारत’ हे नाव मॅझिनीच्या ‘तरुण इटली’वरून घेतलं आणि त्यांच्या १९०७ च्या मॅझिनी चरित्रावर सरकारने बंदी घातली. चिंचवडच्या वाड्यात तो वारा अजून पोहोचलेला नव्हता. तिथे राज्य उलथायचं होतं, समाज मात्र होता तसाच ठेवायचा होता.

कार्ल्सबाडचे हुकूम २९ वर्षं टिकले. १८४८ च्या मार्चमध्ये व्हिएन्ना पेटलं, मेटर्निख लंडनला पळाला आणि एप्रिलमध्ये हुकूम रद्द झाले. आपलं १२४-अ स्वातंत्र्यानंतरही राहिलं. सर्वोच्च न्यायालयाने ते ११ मे २०२२ ला थोपवलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात राजद्रोह हा शब्द नाही. कलम १५२ मात्र आहे, आणि त्यातली कमाल शिक्षा जन्मठेपेची आहे.