बंदूक एकदाच विकली जाते, दारू पुन्हा पुन्हा : मेरी पॅटनच्या गिरणीची गोष्ट



रिपीट सेलचं नाव काढलं की आपल्याला साबण, चहा, प्रिंटरची शाई आठवते. आज उदाहरण जरा वेगळं घेऊ. बंदुकीच्या दारूची एक छोटी गिरणी, तीही अडीचशे वर्षांपूर्वीची, अमेरिकेच्या सरहद्दीवरची.

मार्केट कसं होतं?

काळ 1780 च्या आसपासचा. ब्रिटिश राजवटीविरुद्ध अमेरिकन वसाहतींचं युद्ध चालू होतं. अपलाचियन डोंगरांच्या पलीकडे, आजच्या टेनेसी राज्यात, वाटॉगा नदीकाठी काही वस्त्या होत्या. जमीन मुळात चेरोकी लोकांची, त्यामुळे त्यांच्याशीही लढाया व्हायच्या. शिकार असो की संरक्षण, घरोघरी बंदूक लागायचीच. पण बंदूक एकदा घेतली की वर्षानुवर्षं चालते. दारू मात्र प्रत्येक बाराला संपते, आणि ती नसेल तर बंदूक म्हणजे नुसती काठी!

आता सप्लाय बघा. दारूत सगळ्यात मोठा हिस्सा सोऱ्याचा, साधारण तीन चतुर्थांश. बाकी कोळसा आणि थोडं गंधक. त्या काळी जगातला उत्तम सोरा कुठून जायचा माहीत आहे? आपल्या बिहारमधून. आणि 1758 पासून त्यावर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी. म्हणजे ब्रिटिशांचा कच्चा माल पक्का, आणि समोरच्यांची बहुतेक दारू परदेशातून, मुख्यतः फ्रान्समधून येणारी. ती बंदरावर उतरून डोंगर ओलांडून येणार कधी?

स्किल हेच भांडवल

इथे मेरी पॅटन येते. जन्म 1751, इंग्लंडमध्ये. दारू बनवण्याचं काम ती माहेरीच शिकली असं सांगतात. कुटुंब पेनसिल्व्हेनियात आलं, 1772 मध्ये जॉन पॅटनशी लग्न झालं आणि तिथे नवराबायकोने दारूची गिरणी चालवली. पुढे ती गिरणी सोडून ते वाटॉगा भागात आले. अँड्र्यू टेलर नावाच्या तिथल्या रहिवाशाने नवी गिरणी उभारायला मदत केली. लक्षात घ्या, जागा, इमारत, गिऱ्हाईक सगळं मागे राहिलं. बरोबर आली ती हातातली विद्या. दुकान पुन्हा मांडता येतं, ते या विद्येच्या जोरावर.

काम सोपं नव्हतं. त्या काळात सोरा असा काढत : गुहेतली किंवा गोठ्याखालची माती पाण्यात भिजवायची, ते पाणी लाकडाच्या राखेतून गाळायचं, मोठ्या कढईत आटवायचं, मग थंड झाल्यावर सोऱ्याचे खडे धरतात. तो कोळसा आणि गंधकाबरोबर ओलसर ठेवून कुटायचा, दाणे पाडायचे, वाळवायचे, चाळायचे. सोरा अशुद्ध राहिला की दारू दमट होते आणि ऐन वेळी बार उडत नाही. कुटताना ठिणगी पडली तर गिरणीच उडते. अशा धंद्यात ‘चलता है’ म्हणणारा टिकत नाही.

सगळ्यात मोठी ऑर्डर

1780 च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटिश बाजूचा मेजर पॅट्रिक फर्ग्युसन याने डोंगरापलीकडच्या लोकांना धमकी पाठवली : विरोध थांबवा, नाहीतर येऊन पुढाऱ्यांना फासावर देईन आणि मुलूख जाळीन. लोकांनी वाट बघितली नाही. 25 सप्टेंबरला सिकामोर शोल्स इथे सुमारे हजार माणसं जमली. त्यांच्यासाठी मेरीने 500 पाउंड, म्हणजे जवळपास 227 किलो दारू दिली. माणशी सरासरी अर्धा पाउंड.

डोंगरात बर्फ होता. वाटेतल्या पहिल्या मुक्कामी, शेल्व्हिंग रॉक नावाच्या कपारीखाली, त्यांनी दारू कोरडी राहावी म्हणून ठेवली असं सांगतात. माल किती मोलाचा होता ते यावरून कळतं. 7 ऑक्टोबरला किंग्ज माउंटनवर लढाई झाली. तासाभरात निकाल लागला, फर्ग्युसन मारला गेला. दक्षिणेतल्या युद्धाचं पारडं इथून फिरलं असं इतिहासकार मानतात.

लढाई अर्थातच माणसांनी जिंकली. पण हे 500 पाउंड दूरच्या बंदरातून मागवायचे असते, तर ती माणसं त्या आठवड्यात निघूच शकली नसती.

आपण काय घ्यायचं?

मेरीची गिरणी मोठी नव्हती. मोठ्या कारखान्याशी किमतीत तिची स्पर्धाही नव्हती. तिची ताकद दोन गोष्टींत होती : गिऱ्हाइकाचं काम ज्यावाचून अडतं ती वस्तू ती जवळ बनवत होती, आणि त्या मालावर जीव टाकता येत होता. जवळ आहे पण भरवसा नाही, तर लोक नाइलाजाने घेतात आणि दुसरा पर्याय मिळताच जातात. भरवसा आहे पण वेळेवर मिळत नाही, तरी तेच.

माझ्या दुकानात मी मालाच्या यादीत अशा वस्तूंपुढे लाल खूण करतो. त्यांचा स्टॉक संपू द्यायचा नाही, आणि मार्जिन वाढवायला हलका माल ठेवायचा नाही. तुम्हीही आज यादी काढा आणि प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न विचारा : ही मिळाली नाही तर माझ्या गिऱ्हाइकाचं काय अडेल?

मेरी 1836 मध्ये वारली. तिच्या गिरणीजवळच्या ओढ्याला आजही ‘पावडर ब्रांच’ म्हणतात. जाहिरातीचा एक पैसा खर्च न करता!