कोणत्या घटनेला आघात म्हणायचे?

मानसिक आजाराचे निदान साधारणपणे लक्षणांवरून होते. झोप, भूक, उदासी, भीती, भास यांची चौकशी करून डॉक्टर आजार ओळखतात; तो कशामुळे झाला हे निदानापुरते ठरवावे लागत नाही. आघातोत्तर तणाव विकार, म्हणजेच पीटीएसडी, याला मोठा अपवाद आहे. इथे आधी घटना पाहिली जाते. ती आघाताच्या व्याख्येत बसली नाही, तर लक्षणे कितीही तीव्र असोत, हे निदान होत नाही.

अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या ‘डीएसएम’ या निदानपुस्तिकेत हा विकार १९८० साली दाखल झाला. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या हालांमुळे त्याची निकड भासली होती. जवळपास कोणालाही हादरवून टाकेल असा, माणसाच्या नेहमीच्या अनुभवापलीकडचा प्रसंग म्हणजे आघात, अशी तेव्हाची कल्पना होती. ती टिकण्यासारखी नव्हती. बलात्कार, घरातली मारहाण, रस्त्यावरचे अपघात इतक्या जणांच्या वाट्याला येतात, की त्यांना अनुभवापलीकडचे म्हणणे हे वास्तवाकडे पाठ फिरवणेच होते. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीने ते शब्द वगळले, पण नवी अट घातली: प्रसंगाच्या वेळी तीव्र भीती, असहायता किंवा थरकाप जाणवलेला असला पाहिजे. हीसुद्धा अन्यायकारकच. तयारीचा सैनिक किंवा अग्निशमन दलाचा जवान त्या क्षणी घाबरत नाही, काम करत राहतो. कुणी नुसताच सुन्न होतो. त्रास मागाहून सुरू होतो. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने ही अट काढून टाकली.

आताच्या व्याख्येत प्रत्यक्ष मृत्यू किंवा त्याचा धोका, गंभीर इजा आणि लैंगिक अत्याचार एवढेच येते. ते स्वतःवर ओढवलेले असावे, समोर घडताना पाहिलेले असावे किंवा जवळच्या माणसावर गुदरल्याचे कळलेले असावे. जवळच्याचा मृत्यू मात्र हिंसक किंवा अपघाती हवा. म्हातारपणी आजाराने झालेला त्यात धरत नाहीत. चौथा मार्ग कामाचा: मृतदेहांचे अवशेष गोळा करणारे कर्मचारी, बालकांवरील अत्याचारांचे तपशील पुन्हा पुन्हा ऐकावे लागणारे पोलीस. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबारात सापडलेला प्रवासी या व्याख्येत बसतो. तोच हल्ला घरी टीव्हीवर पाहून हादरलेला माणूस बसत नाही.

घटना बसली म्हणजे आजार झाला, असेही नव्हे. बहुतेक माणसे आघातातून हळूहळू सावरतात. प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहणे, त्याची आठवण टाळणे, सतत दचकणे अशी लक्षणे महिनाभराहून अधिक टिकली आणि रोजचे जगणे अडू लागले, तरच पीटीएसडीचे निदान होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी’ या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तिच्यात घटना किंवा घटनांची मालिका अत्यंत धोकादायक वा भयंकर असावी, इतकेच म्हटले आहे; बाकीचे डॉक्टरांच्या विवेकावर सोडले आहे. वर्षानुवर्षे छळ सोसलेल्यांसाठी, उदाहरणार्थ बालपणी वारंवार अत्याचार झालेल्यांसाठी, तिने जटिल पीटीएसडी हे वेगळे निदान दिले, हे तिचे मोलाचे काम.

नोकरी जाणे, घटस्फोट, फसवणूक यांनी माणूस कोसळू शकतो. तरी डीएसएमच्या व्याख्येत त्या घटना येत नाहीत. रेघ घटनेवर ओढलेली आहे, दुःखाच्या खोलीवर नाही. अशा वेळी समायोजन विकार किंवा नैराश्य असे निदान होऊ शकते, आणि उपचार त्यांवरही आहेत.